चार वाजताचं रक्त

“रक्त लबाड बोलत नाई,” असं म्हणत आमचे डॉक्टर रक्ताची नळी खिडकीच्या उजेडात धरायचे. आता त्यात काय दिसणार, कपाळ! वर्ध्याजवळच्या एका दवाखान्यात, मनाच्या आजारांच्या वॉर्डात मी तेव्हा नर्स होते. ऐंशी साल उलटून गेलेलं. रोज हा सोहळा पाहायची.

एकाच गोष्टीनं झपाटलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. आमच्या डॉक्टरांचा ध्यास असा, की माणसाची उदासी त्याच्या रक्तात सापडलीच पाहिजे. रात्री एक गोळी द्यायची, दुसऱ्या दिवशी चारला रक्त घ्यायचं, नळी बर्फात घालून नागपूरला धाडायची. ताणाचं एक द्रव्य गोळीनंही दबलं नाही, तर आजार खोल. “सिस्टर, मन झाकता येते, हे झाकता येत नाई.” मला भारी राग यायचा. सुईपायी पेशंटच्या शिव्या मीच खायची ना!

एकदा गिरडकडची एक पोरगी आली. जीव द्यायला विहिरीत उडी घेतलेली, लोकांनी वेळेवर काढलेली. कुणाशी बोलेना. तिचा रिपोर्ट आला, तो अगदी चांगला; द्रव्य गोळीनं दबलेलं.

बापानं लगेच पिशवी भरली. “साहेब, उद्या पोळा हाय. पोरीले घरी नेतो.”

“नका नेऊ, भाऊ. मले भरवसा वाटत नाई.”

“तुमीच सांगतलं ना, रक्त लबाड बोलत नाई? मंग आता काऊन अडवून राह्यले?”

बापाचं तरी काय चुकलं? डॉक्टरांनीच साऱ्या वॉर्डाला ते पढवून ठेवलं होतं. पोरगी चपला घालून उभी. तिची ती विहीर घरामागंच होती.

डॉक्टर तिच्यासमोर फरशीवरच बसले. “माय, माह्याकडं पाह्य. अजून मरावं वाटते?”

“असं अभद्र काऊन बोलता!” बाप ओरडला.

पोरीनं पायातल्या चपलांकडं पाहिलं. मग म्हणाली, “वाटते. इथं जरा कमी वाटते.”

बापानं पिशवी खाली ठेवली आणि खांद्यावरचा दुपट्टा तोंडाला लावून रडला. डॉक्टर मला म्हणाले, “सिस्टर, रक्त चुकलं. मीबी चुकलो.” असं बोलायला छाती लागते. त्या दिवसापासून मला ते माणूस आवडायला लागलं. रक्त घेणं त्यांनी सोडलं नाही, पण आधी पेशंटला विचारायचे.

पोरगी बरेच दिवस राहिली, सुधारून घरी गेली. एका हिवाळ्यात एकटीच वॉर्डात आली. अंगानं भरलेली, एसटी गाठायच्या घाईत.

“डॉक्टरसाहेब नाई काय? त्याईले सांगजा, मले आता तसं वाटत नाई.”

हार्टचा झटका येऊन डॉक्टर गेले, त्याला महिनाही झाला नव्हता.

मी म्हटलं, “सांगते, माय.”