घाटातलं सातवं वळण

साकीनाक्याला एका गाळ्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. खाली पत्रा कापायचं मशीन, वर आम्ही बारा जण व्हिडिओ गेममधल्या चुका शोधत बसायचो. खेळून पगार मिळतो हे माझ्या वडिलांना, आबांना पटेना, म्हणून ते गावात 'कॉम्प्युटरची तपासणी करतो' असं सांगायचे. घरातला मी पहिला पदवीधर. मी नेमकं काय करतो यापेक्षा नोकरी कायम कधी होणार, हेच ते विचारत.

सहा महिन्यांची मुदत शुक्रवारी संपत होती. माझ्याकडे गाड्यांच्या शर्यतीचा गेम होता. त्यातल्या घाटात सातव्या वळणावर गाडी घसरवत नेली, की कधीकधी मागचं चाक रस्त्यात रुतून गेम बंद पडतो, अशी तक्रार होती. ती चूक मी पकडून दाखवायची होती. आमची टीम लीड कांदिवलीची, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. ती म्हणाली, "एवढं एक आण. मग तुझ्यासाठी मी वर बोलते."

त्यासाठी आधी ड्रिफ्ट, म्हणजे गाडी अशी आडवी घसरवणं, जमायला हवं होतं, आणि तेच जमत नव्हतं. मग शाळेत जे करायचो तेच केलं. वही काढली. वळणाआधी गाडी किंचित उलट्या बाजूला न्यावी. वळणात शिरताना हँडब्रेक टिचकीसारखा मारावा. मागचा भाग सुटला की स्टिअरिंग लगेच विरुद्ध दिशेला फिरवावं. गॅस अर्धाच ठेवावा. सोडला तर गाडी सरळ होते, पूर्ण दाबला तर गरकन फिरते. सगळं पाठ केलं. गाडी तरी कठड्यावरच जायची.

लीड मागे येऊन उभी राहिली. "ओठ का हलतायत रे तुझे?"

"पायऱ्या म्हणतोय, मॅडम."

"मॅडम नको म्हणूस, किती वेळा सांगू. तुझी दुसरी पायरी म्हणून होईपर्यंत वळण संपतं यार."

खरं होतं. पण पाठ न करता काही शिकायचं कसं, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. चिडून हातातला गेमपॅड आपटावासा वाटे. ऑफिसचा होता म्हणून हळूच ठेवायचो.

आमचं प्रत्येक रेकॉर्डिंग सगळ्यांना दिसायचं. माझ्या कठड्यावरच्या गाड्या जेवताना लावून पोरं हसायची. गुरुवारी दुपारी मी रेकॉर्डिंग बंद केलं. जमलं की लावू, असं ठरवलं.

शुक्रवारी साडेतीनला जमलं. ओठ बंद होते. गाडी आडवी होऊन पूर्ण वळणभर सरकत गेली आणि शेवटाला मागचं चाक रस्त्यात रुतलं. पडदा गोठला. मी वहीत वेळ, वेग, गिअर, सगळं लिहिलं आणि वही घेऊन लीडकडे गेलो.

"व्हिडिओ?" तिने विचारलं.

मी वही पुढे केली. तिने पान वाचलं.

"अक्षर मस्त आहे रे. पण व्हिडिओ नाही तर चूक नाही, हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना?"

"बंद ठेवलं होतं. पोरं हसतात."

तिने वही मिटून माझ्या हातात दिली. मग म्हणाली, "सहापर्यंत आहे मी. परत कर."

मी रेकॉर्डिंग लावलं. आता ड्रिफ्ट दरवेळी जमत होतं. गाडी सातव्या वळणावर इतकी देखणी घसरायची की मागची पोरंही बघत राहिली. चाक मात्र एकदाही रुतलं नाही. सहा वाजता लीडने माझ्या हातातला पॅड काढून घेतला.

जिना उतरताना आबांचा फोन आला. "झालास का कायम?"

"तीन महिने वाढवलेत, आबा."

खालचं मशीन चालू होतं. त्यांना पुन्हा सांगावं लागलं.

"बरं," ते म्हणाले. "मग इथं विचारतील त्यांना काय सांगू?"

"तपासणी चालू आहे म्हणून सांगा."