पिवळा ठिपका आन् मागचं चाक

मी गाड्या बनवतो, असं आमच्या गावात अकरा वर्षं सगळ्यांना वाटत व्हतं.

चूक लोकांची न्हाई. मीच तसं सांगत आलो. खरं काय, तर चाकणच्या अलीकडं एका कंपनीत (नाव सांगत न्हाई, त्यांची बी अब्रू हाय) मी मोटरसायकलच्या लाइनवर उभा असतो. सात नंबरचं स्टेशन. गाडी पुढ्यात आली की डोक्यावर टांगलेली गन खाली वढायची, मागच्या चाकाचा नट टर्रर्र करून आवळायचा, पिवळ्या पेननं त्याच्यावर ठिपका द्यायचा आन् गाडी पुढं सोडायची. ठिपका म्हंजे नट घट्ट हाय, ही माझी जबान. अकरा वर्षांत मी दुसरा नट बघितलेला न्हाई. पन गावात कुनाची बी गाडी बंद पडली की मी कमरेवर हात ठेवून तिच्याभवती एक चक्कर मारायचो आन् म्हनायचो, "कार्बोरेटर." शाळा माझी चौथीत सुटली, पन हा एक शब्द मी लई जपून वापरला.

आता एक डोंगरातली गाडी आमच्या घरात कशी आली, ते ऐका.

आमच्याकडं एक स्कूटर व्हती. ती बायकोची, संगीताची. ती दुसऱ्या एका कंपनीत इन्स्पेक्शनला हाय, म्हंजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या. (घरी चौदा वर्षं सराव झालेला, ट्रेनिंग लागलं न्हाई.) त्या स्कूटरवर ती कामाला जायची. माझा चुलतभाऊ वाकडला एका उंच बिल्डिंगीत वॉचमन हाय. त्याला भेटायला गेलो आन् पार्किंगमधी ती दिसली. डोंगरात, चिखलात पळवायची गाडी! पुढचं चाक बैलगाडीएवढं, सीट माझ्या छातीला, टायरवर मक्याच्या कनसासारखे उंचवटे. मालक आयटीवाला. त्याच्या बायकोला स्कूटर पायजे व्हती आन् मला गावात इज्जत. अदलाबदल झाली. संगीताला विचारायचं तेवढं राहून गेलं.

मी तिला समजावलं, आपला रस्ता खड्ड्यांचा, आपल्याला अशीच गाडी पायजे. त्याच आठवड्यात रस्ता काँक्रीटचा झाला. अकरा वर्षं अर्ज करून झाला नव्हता, तो माझं तोंड बघून झाला.

त्या काँक्रीटवर ते टायर असे घूंऽऽ करून वरडायचे की पैल्या सकाळी शेजारच्या दोन बायका गव्हाचे डबे घेऊन बाहेर आल्या. त्यांना वाटलं गिरनी चालू झाली.

संगीता ओट्यावरनं माझ्या मागं गाडीवर चढली. ते जमलं. पन कंपनीच्या गेटावर ओटा न्हाई, हे माझ्या ध्यानात आलं न्हाई. ती वर बसून, मी खाली उभा, आन् उतरायचं कसं ह्याच्यावर आमची चर्चा चाललेली. शेवटी सिक्युरिटीवाल्यानं आपली खुर्ची आनून दिली. लेट मार्क एक. दुसऱ्या दिवशी टँकरचं पानी रस्त्यावर सांडलेलं. चिखलातले ते टायर गुळगुळीत काँक्रीटवर असे घसराय लागले की मी गाडी चालवायची सोडून ढकलतच नेली. लेट मार्क दोन.

इथं हसू नका, कारन संगीताचं परमनंट व्हायचं चाललं व्हतं. सात वर्षं ठेकेदाराच्या रजिस्टरवर काढलेली बाई. महिनाअखेरीला यादी लागनार व्हती, आन् तिच्या सायबानं सांगून ठेवलेलं, महिन्यात तीन लेट मार्क झाले की यादीतनं नाव कट. कंपनीची बस आमच्या गावात येत न्हाई. रिक्षा सकाळी मिळत न्हाई. स्कूटर मी वाकडला घालवलेली.

ती माझ्याशी भांडली असती तरी बरं वाटलं असतं. ती फक्त म्हनाली, "सोमवारपतोर काय ते करा. मला वेळेवर जायचंय."

मी बाळूतात्याकडं गेलो. बाळूतात्या म्हंजे आमच्या गल्लीच्या टोकाला राहतो, भोसरीच्या वर्कशॉपात तीस-बत्तीस वर्षं टर्नर व्हता, आन् घरामागच्या शेडात लोखंड कातायचा त्याचा एक जुना लेथ हाय. मानूस कमी बोलतो. त्यानं गाडी बघितली, मला बघितलं, आन् म्हनला की हिची उंच चाकं काढून रोडवरच्या गाडीची बारकी चाकं टाकू. गाडी खाली येईल, गुळगुळीत टायरनं वरडनार न्हाई, घसरनार न्हाई. आकुर्डीच्या एका गॅरेजात त्याच्या ओळखीवर चाकांची जोडी पडलेली व्हती. ती शनिवारी दुपारी आनली.

तात्यानं इचारलं, पुढचं चाक काढशील का?

मी म्हनलं, "तात्या, ते माझ्या स्टेशनला येत न्हाई."

तात्यानं पाना ठेवला. "मंग तू अकरा वर्षं करतोस काय?"

सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आन् गावात कुनाला बोलला न्हाई, हे त्याचे उपकार मी कधी फेडनार! शनिवारी रातीपतोर आन् रविवारी सकाळी आमच्या अंगनात सगळं त्यानंच केलं. चाक मधोमध बसंना, तर दोन्ही बाजूला घालायला लोखंडाच्या कड्या, बुश म्हनतो आमी त्याला, त्या लेथवर काढल्या. ब्रेकची डिस्क बसवली. चेन सरळ रेषेत आनली. मी कंदिलासारखा बॅटरी धरून उभा. अध्येमध्ये 'कार्बोरेटर' म्हनून बघितलं, पन तात्यानं वर सुद्धा बघितलं न्हाई.

शेवटी मागच्या चाकाचा नट राहिला. तात्या हात पुसत म्हनला, "हा तुझा. एवढा तरी आवळ. मी जेवून येतो."

आता बघा, जगात मला एकच काम येतं, आन् तेच माझ्या वाट्याला आलं. मी बोटांनी नट बसवला. उजवा हात सवयीनं वर गेला, गन वढायला. वर गन नव्हती, आईचं लुगडं वाळत व्हतं. ते खाली आलं, माझ्या डोक्यावर. आई वसरीवरनं वरडली की धुतलेलं हाय ते. मी लुगडं परत दोरीवर टाकलं, वाकलो, तोंडानं टर्रर्र केलं, खिशातनं पिवळा पेन काढला, ठिपका दिला आन् गाडी पुढं ढकलली.

पाना तिथंच पडलेला. आपन खोटं करतोय असं मला वाटलं का? अजिबात न्हाई. नट आवळल्याचं समाधान सुद्धा झालं.

गाडी दिसायला झाक झाली व्हती. खाली आलेली, काळे गुळगुळीत टायर. आईनं हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवला. आन् मंग म्हनाली की पैली मी बसनार. सत्तरीची बाई, पन हट्ट म्हंजे हट्ट. संगीता आत डबे घासत व्हती, तिला वाटलं नुसती पूजा चाललीय. आई एका बाजूला पाय टाकून मागं बसली, चढायला काय सुद्धा लागलं न्हाई. माझा ऊर भरून आला.

किक मारली. लिंबू फुटला. आमी अंगनात तीस फूट गेलो असू. मी ऐटीत मुठीला जरा पीळ दिला, तसा मागनं कडाक आवाज झाला, मागचं चाक तिरकं झालं, चेन उतरली आन् गाडी माझं ऐकायची बंद झाली. समोर आईनंच बाजेवर कुरडया वाळत घातल्या व्हत्या. चार दिवसांचा चीक, वर्षाची बेगमी. आमी बाजेला धडकलो. मी कुरडयांच्या ह्या बाजूला, गाडी त्या बाजूला, आन् आई बरोबर मधी, बाजेवर, मांडी घालून बसावं तशी बसलेली.

तिला खरचटलं बी न्हाई. केसातली कुरडई काढून तिनं खाऊन बघितली. म्हनाली, "गाडी बरी हाय रं दत्ता. थांबवायची रीत तेवढी चुकीची हाय."

तात्या तोंडात घास घेऊन पळत आला. त्याच्यामागं संगीता, हाताला राख. तिनं आधी आईला उठवलं, हातपाय दाबून बघितले. मंग गाडीपाशी बसली. चाक बघितलं, चेन बघितली. तात्याचं काम जिथल्या तिथं व्हतं, एक बुश हललेला नव्हता. मंग तिनं दोन बोटांनी मागचा नट फिरवला. फिरला. चहाच्या बरनीचं झाकन फिरतं तसा.

"हा ठिपका कुनी दिला?"

मी म्हनलं, "मी."

"आवळला व्हता?"

मला खोटं बोलता आलं असतं. पन खरंच आठवंना! मी उभ्या उभ्या सगळं परत करून बघितलं: वाकलो, हात वर, लुगडं, टर्रर्र. तोंडानं टर्रर्र केलं आन् तिथंच मला कळलं. तात्यानं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत व्हते.

संगीता हसली न्हाई. ती हळू बोलली, "उद्या ह्याच्यावर मी बसनार व्हते. चाकण चौकात. कंटेनरांच्या मधी."

मी आयुष्यभर चेष्टा केली, माझी, दुसऱ्याची. त्या वाक्यावर मला एक सुद्धा चेष्टा सुचली न्हाई. मी तिथंच खाली बसलो आन् मोडक्या कुरडया गोळा करायला लागलो, कारन हाताला काय तरी काम पायजे व्हतं.

थोड्या येळानं ती म्हनाली, उठा. तात्यानं चाक परत सरळ केलं, चेन चढवली. तिनं पाना माझ्या हातात दिला आन् गाडीवरचा एकूनएक नट माझ्याकडनं आवळून घेतला. प्रत्येकावर आधी माझा हात, मंग तिचा. मागच्या नटाला मी असा जोर लावला की पाना सोडला तवा बोटं उघडंनात. पिवळा पेन तिनं खिशातनं काढून घेतला, माझा ठिपका रॉकेलनं पुसला आन् आपल्या कपाळाची टिकली काढून लावली. अर्धी नटावर, अर्धी बाजूच्या दांड्यावर. म्हनाली, नट केसभर जरी फिरला तर टिकली फाटंल, कळंल. तात्या ते बघतच राहिला. बत्तीस वर्षांत असं इन्स्पेक्शन बघितलं न्हाई म्हनला.

सोमवारी आमी येळेच्या आधी निघालो. गाडी लोन्यासारखी. आवाज न्हाई, घसरनं न्हाई. आन् चाकण चौकाच्या अलीकडं सगळं थांबलेलं. कंटेनर मागं कंटेनर.

आता एक गोष्ट सांगितलीच पायजे. मी संगीतापेक्षा चार बोटं बुटका हाय. लग्नाच्या फोटोत मी पाटावर उभा हाय, ते कुनाला दिसत न्हाई. चाकं बारकी केली तरी मला एकाच पायाचा अंगठा टेकत व्हता. चालू गाडीला बुटका उंच कळत न्हाई, थांबलेल्याला कळतं. दोन हात पुढं जायचं आन् थांबायचं, आन् दरवेळी मी कंटेनरच्या बाजूला झुकायचो. एकदा तर शेजारच्या ड्रायव्हरनं हात बाहेर काढून मलाच सरळ केलं.

संगीतानं घड्याळ बघितलं. "उतरा."

"अगं, जमतंय."

"उतरा म्हनते ना. मागं बसा."

ती पुढं बसली. दोन्ही पाय सपाट जमिनीवर! माहेरी बापाची मोटरसायकल घेऊन डेअरीला दुधाचे कॅन घालायची ती, हे मला ठाऊक व्हतं, पन मी ते कधी बघितलं नव्हतं. दोन कंटेनरांच्या मधनं, डंपरच्या पुढनं, रिक्षावाल्याला नुसत्या नजरेनं बाजूला करत तिनं गाडी काढली. मी मागं दोन डबे छातीशी धरून डोळे मिटून बसलो. डोळे उघडले तवा गेट आलेलं. तो सिक्युरिटीवाला खुर्ची उचलून पळत येत व्हता. संगीता आपली आपन उतरली आन् आत गेली. खुर्ची मला लागली.

हजेरीचा पंच झाला तवा चार मिनटं शिल्लक व्हती.

महिनाअखेरीला यादी लागली. तिचं नाव व्हतं. पैला पेढा तात्याला गेला. तो म्हनला, माझं काय, पोरीचं कष्ट. पन मी त्याच्या पाया पडलो, भर गल्लीत. लोकांनी इचारलं काय झालं, तर मी सगळं सांगून टाकलं, एका नटाचं सुद्धा. तवापासनं माझ्याकडं कुनी बंद गाडी घेऊन येत न्हाई, आन् खरं सांगू, लई हलकं वाटतं.

त्या संध्याकाळी चहा घेताना मी तिला म्हनलं, "संगे, त्या दिवशी तू नट बघितला नसतास तर..." ती म्हनाली, चहा प्या, गार व्हतोय.

मंग मी जरा धीर केला. म्हनलं, तू तर परमनंट झालीस. लग्नाला चौदा वर्षं झाली, माझं कधी व्हायचं?

तिनं कप खाली ठेवला आन् मला वरनं खालपतोर बघितलं, माल तपासायला आल्यासारखं.

"काम बघून ठरवू," म्हनाली. "तवर ट्रेनी."

ट्रेनी तर ट्रेनी. रिजेक्टच्या खोक्यात टाकलं न्हाई, हेच माझं नशीब.