मावशींना सांगितलेला भाव

समजा, तुम्हाला एक बादली शोधायची आहे. प्लास्टिकची, मध्यम आकाराची, तारेच्या दांडीची, झाकण नसलेली आणि कुठल्याही मोठ्या कंपनीचं नाव नसलेली. विकत घ्यायची नाही, फक्त भाव विचारायचा. पहिल्या दुकानातली बादली जरा लहान आहे, ती चालणार नाही. दुसऱ्यातली आकाराने बरोबर, पण दांडी प्लास्टिकची. तिसऱ्या दुकानात अगदी हवी तशी आहे आणि दुकानदार जेवायला गेलाय. तुम्ही उन्हात उभे राहता. तो येतो, भाव सांगतो, तुम्ही टिपून घेता आणि "बरं, येते हं" म्हणून निघता. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच दुकान, तीच बादली, तोच प्रश्न. त्याच्या पुढच्या महिन्यातही. अशी वर्षं काढा आणि मग सांगा, तो दुकानदार तुम्हाला कोण समजत असेल?

हा प्रश्न आमच्या ऑफिसात कुणालाच पडला नव्हता. मावशींनाही नाही.

मावशी आमच्या ऑफिसच्या भाव गोळा करणाऱ्या. बाजारात त्यांना भाववाल्या मावशी म्हणत. बारीक अंगकाठी, भरभर चालणं, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात कायम रिकामी पिशवी. मी संख्याशास्त्र शिकले, प्रोग्रॅम लिहिते. मावशी फोनवर ज्यात भाव भरतात ते ॲप मीच बनवलेलं. त्यामुळे त्या मला इंजिनीअरबाई म्हणतात, आणि ॲप अडकलं की त्यातला 'बाई' गळून पडतो.

हे भाव कशाला लागतात, ते सांगते. एका देशातल्या माणसाला महिन्याला शंभर मिळतात आणि दुसऱ्या देशातल्याला हजार. म्हणून दुसरा दहापट सुखी, असं म्हणता येत नाही. त्याच्याकडे केस कापायलाही दहापट पडत असतील, तर दोघांची डोकी सारखीच. म्हणून देशोदेशी माणसं बाजारात फिरतात, तशीच बादली, तसाच साबण, तशीच केसकापणी शोधतात आणि भाव लिहितात. ते एकमेकांशेजारी ठेवले की समजतं, देशाच्या तिजोरीत किती आहे ते नव्हे, तर साध्या माणसाच्या घरात प्रत्यक्षात किती येतं. मला या कामाचं फार कौतुक आहे. मी हे कुणालाही सांगायला लागते आणि आई म्हणते, पुरे, समोरच्याची बस चुकेल.

मावशींना मात्र हे सगळं एका वाक्यात कळलं होतं. त्यांची लेक एका श्रीमंत देशात कामाला आहे, मोठ्या हॉटेलच्या धुलाईखान्यात. पहिल्या वर्षी तिने फोनवर सांगितलं की इथे केस कापणं परवडत नाही, मी आरशात बघून आपले आपणच कापते. मावशी म्हणाल्या, "म्हणजे एवढ्या श्रीमंत देशात जाऊन तू वाकडे केस घेऊन फिरतेस." पुढे जेव्हा जेव्हा नवीन लोकांना कामाची माहिती द्यायची असे, तेव्हा साहेब तक्ते दाखवत आणि मावशी लेकीचे केस सांगत. लोकांच्या लक्षात केस राहत.

मावशींचे यजमान वजनकाटे दुरुस्त करतात. दोन खोल्यांचं घर, त्यातल्या पुढच्या खोलीत काटेच काटे. कुणाची पारडी उतरवलेली, कुणाचा पाठीचा पत्रा काढलेला. जेवायला बसायचं तर आधी एखादा काटा उचलून खाटेवर ठेवावा लागतो. ते बायकोला 'सरकार' म्हणतात. खूप नवरे म्हणतात, पण काका म्हणतात की बाकीच्यांचं लाडाचं आहे, माझं ओळखपत्र बघून आहे.

आमच्या ऑफिसचा एक नियम आहे. ज्या दुकानातून भाव घ्यायचा, तिथे खरेदी करायची नाही. गिऱ्हाईक झालं की ओळख होते, ओळख झाली की सवलत मिळते आणि भाव बिघडतो. मावशींनी हा नियम देवाच्या शपथेसारखा पाळला. पाणीसुद्धा घरून नेत. सलूनवाला खुर्ची पुढे करायचा, त्या बसत नसत. मला म्हणाल्या होत्या, "बसलं की चहा येतो, चहा आला की मिंधेपणा येतो." घरचं सामान आणायला त्या बस पकडून दुसऱ्या बाजारात जात. स्वतःच्या बाजारातून त्यांनी एक सुईदेखील कधी घेतली नव्हती.

मग माझ्याच प्रोग्रॅमने घोळ घातला. मी शहरातले सगळे बाजार एका पडद्यावर ठिपक्यांनी दाखवले होते. बाकीचे ठिपके एका रेघेच्या आसपास, आणि मावशींच्या बाजाराचा ठिपका वर्षागणिक खाली खाली. म्हणजे तिथे सगळंच स्वस्त. शेजारच्या रस्त्यावर एक भाव आणि मावशींच्या रस्त्यावर त्याहून कितीतरी कमी, असं कसं होईल? साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बाई घरी बसून आकडे भरतात." तसं असेल तर मावशींची नोकरी जाणार होती आणि नाव खराब होणार होतं ते वेगळंच. खात्री करायला साहेबांनी मलाच पाठवलं.

मी एक अख्खा दिवस त्यांच्याबरोबर फिरले. कुठला दुकानदार सकाळी चिडलेला असतो, कुठल्याकडे साबण मागच्या फळीवर ठेवलेला असतो, त्यांना सगळं ठाऊक. त्या विचारत, दुकानदार सांगे, त्या भरत. माझ्या डोळ्यांदेखत. एकही आकडा मनचा नव्हता. मी आनंदाने साहेबांना कळवलं की मावशी सच्च्या आहेत आणि बाजार खरंच स्वस्त आहे.

त्याच आठवड्यात माझ्या खोलीतली बादली तडकली. म्हटलं, स्वस्त बाजार माहीत आहे तर तिथूनच घेऊ. मी एकटीच गेले. बादलीवाल्याने भाव सांगितला, तो मावशींना सांगितलेल्या भावाच्या जवळजवळ दीडपट. मला वाटलं, नवखी बघून फसवतोय. मी जरा तोऱ्यातच म्हणाले की परवा तर तुम्ही मावशींना वेगळंच सांगितलंत.

तो हसला नाही की ओशाळला नाही. इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "अहो, तो मावशींचा भाव आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? ऊन असो, पाऊस असो, बाई दर महिन्याला येतात, या बादलीसमोर उभ्या राहतात, भाव विचारतात आणि रिकामी पिशवी घेऊन जातात. आपल्याला काय डोळे नाहीत? दर वेळी थोडा कमी करत आलोय. अजून काही त्यांना जमत नाहीये."

मी म्हटलं, त्यांचं ते कामच आहे, सरकारी काम.

"तसं त्या म्हणतात," तो समजुतीने म्हणाला. "मी कधी तोडून बोललो नाही. माणसाचा स्वाभिमान असतो. पण तुम्हीच सांगा ताई, सरकारला बादली कशाला हवी?"

मी पुढे साबणवालीकडे गेले. ती म्हणाली, बिचारीला इतकी वर्षं एक वडी परवडू नये म्हणजे काय. मागे एकदा तिने तशीच देऊ केली होती, तर मावशी घाबरून पळाल्या होत्या. सलूनवाल्याची तर वेगळीच कथा. मावशी पुरुषांच्या केसकापणीचा भाव विचारतात, म्हणजे घरात आजारी नवरा असणार, असं त्याने ठरवून टाकलं होतं. तो गरज पडली तर घरी येऊन फुकट कापायला तयार होता. मी काकांच्या टकलाबद्दल काही बोलले नाही.

अख्ख्या बाजाराने, एकमेकांना न विचारता, एका बाईची कीव करून भाव उतरवले होते. गिऱ्हाईक व्हायचं नाही या नियमानेच त्यांना सगळ्यांचं लाडकं गिऱ्हाईक करून ठेवलं होतं.

आता हे मावशींना सांगायचं कसं? सांगितलं नाही तर आकडे चुकीचे राहतात. सांगितलं तर इतक्या वर्षांची त्यांची पायपीट मातीत. संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. काका एका काट्याचं पारडं घासत बसले होते. मी सांगितलं. काका आधी खदाखदा हसले, मग त्यांचं बायकोच्या तोंडाकडे लक्ष गेलं आणि ते पारड्याकडे बघू लागले.

"म्हणजे मी त्यांना भिकारी वाटले," मावशी म्हणाल्या.

"भिकाऱ्याला कुणी भाव सांगत नाही, सरकार," काका म्हणाले. "हाकलतात."

 मग मावशींनी मला विचारलं की आपण लिहिलेल्या भावांमुळे पुढे नेमकं काय झालं. मी सांगितलं, भाव कमी दिसले की त्याच पगारात जास्त वस्तू येतात असं गणित निघतं. म्हणजे दुसऱ्या देशांशी तुलना केली तर इथला माणूस आहे त्यापेक्षा जरा सुस्थितीत दिसतो. एकाच बाजाराने फार फरक पडत नाही, हेही सांगितलं. ते त्यांनी ऐकलंच नाही.

"त्यांनी माझ्यावर दया केली," त्या म्हणाल्या, "आणि मी लिहून आले की सगळे खुशाल आहेत."

काका पारडं काट्यावर बसवत म्हणाले, "पारड्यावर कुणी मायेने बोट ठेवलं तरी काटा वजनच दाखवतो. त्याला माया कळत नाही. बोट काढायचं, दुसरं काय."

दुसऱ्या दिवशी मावशी स्वतःच साहेबांकडे गेल्या. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी सगळं सांगून टाकलं, साबणवालीच्या वडीसकट. साहेबांनी पुन्हा चष्मा पुसला. खोटं भरल्याचा संशय गेला आणि नोकरी राहिली. पण त्या बाजाराचे जुने आकडे बाजूला काढावे लागले, आणि मावशींची बदली शहराच्या दुसऱ्या टोकाच्या बाजारात झाली, जिथे त्यांना कुणी ओळखत नव्हतं. साहेब म्हणाले, यात शिक्षा नाही. मावशी म्हणाल्या, माहेर सोडतानाही सगळे असंच म्हणतात.

त्यांनी एकच गोष्ट मागितली. जुन्या बाजारात शेवटची एक फेरी.

मी बरोबर गेले. मावशी बादलीवाल्यासमोर उभ्या राहिल्या, छत्री मिटली आणि ओळखपत्र त्याच्या हातात दिलं. त्याने ते उलटसुलट करून पाहिलं. त्याचा चेहरा हळूहळू पडत गेला.

"इतकी वर्षं मला फार भाव दिलात," मावशी म्हणाल्या. "आता देऊ नका. नुसता सांगा."

त्याने खाली बघत दुकानाचा भाव सांगितला. मावशींनी भरला. साबणवालीकडे तेच, सलूनमध्ये तेच. सलूनवाल्याने काकांची तब्येत विचारली, तेव्हा मावशींनी फोनमधला फोटो दाखवला. तो टकलाकडे बघत राहिला आणि मग दोघांनाही हसू आवरेना.

काम संपलं. बाजार आता मावशींचा नव्हता, म्हणजे नियमही उरला नव्हता. त्या मागे फिरल्या, थेट बादलीवाल्याकडे, आणि बादली काढा म्हणाल्या.

मग जी घासाघीस झाली तशी मी जन्मात पाहिली नाही. तो मावशींचाच भाव लावायचा हट्ट धरून बसला आणि मावशी दुकानाच्या भावावरून खाली यायला तयार नाहीत. तो कमी करतोय, या वाढवताहेत. तो म्हणाला, मावशी, माझा मान ठेवा. या म्हणाल्या, आधी माझा ठेवा. बघायला माणसं जमली. शेवटी त्याने पूर्ण पैसे घेतले, बादली पुसली, वर टांगलेला लाल प्लास्टिकचा मग काढून तिच्यात टाकला आणि ती मावशींच्या हातात दिली.

"मगाचे किती?" मावशींनी विचारलं.

"मगाचा भाव नाही," तो म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

नव्या बाजारात मावशी आता अनोळखी आहेत. तिथे त्या गेल्यागेल्या सगळ्यांना ओळखपत्र दाखवतात आणि पिशवीत मुद्दाम दोन कांदे ठेवतात, रिकामी दिसू नये म्हणून. जुन्या बाजाराचा ठिपका रेघेवर आला आहे. आता तिथे एक तरुण पोरगी भाव घेते आणि दुकानदार तिला ओळखपत्रावरूनच ओळखतात.

बादली घेतल्यानंतरच्या रविवारी मावशींनी लेकीला फोनवर विचारलं की तुझ्याकडे बादलीचा भाव काय. ती म्हणाली, चिकटवलेला असतो आई, कुणाला विचारावंच लागत नाही, यंत्राला दाखवायची आणि निघायचं. मावशींनी विचारलं, जास्त वाटला तर? तर घ्यायची नाही. यंत्र काही वर देतं का? लेक हसली आणि म्हणाली, पावती देतं.

सोमवारी मावशी ऑफिसात माझ्या टेबलाशी आल्या. ॲप अडकलं असेल म्हणून मी हात पुढे केला, पण फोन ठीक होता. त्यांना वेगळंच विचारायचं होतं.

"इंजिनीअरबाई, बादली लिहिली. तिच्या देशातली बादली आणि आपली बादली शेजारीशेजारी बसली, ते कळलं. पण मग मगाचं काय? तो कुठल्या देशाच्या खात्यात जातो?"