ते पाणी नव्हतं, सुनील

मी सुनीलला खोटं पाडलं होतं.

खोटी मीच निघाले.

आज त्याला जाऊन वर्ष झालं.

सुनील अकोटचा. आमच्या अमरावतीच्या कॉलेजात पीएच.डी. करायचा. IR मशीन माझ्या ताब्यात. रेणूंवर इन्फ्रारेड प्रकाश सोडायचा, त्यांचे बंध कसे थरथरतात ते ग्राफवर उमटतं. दोन रेणूंनी एकमेकांना हलकंच धरलं असेल, तर ग्राफमधलं टोक खाली सरकतं आणि पसरून फुगवटा होतो.

घोळ एवढाच, की सँपल दमट असलं तरी जवळपास तिथेच फुगवटा येतो.

तो जाण्याआधीच्या ऑगस्टमध्ये त्याने ग्राफ माझ्या टेबलावर ठेवला.

"मॅडम, पाहा ना जी. दोन रेणू एकमेकाले धरून राह्यले."

"पावसाळा आहे, सुनील. पाणी आहे ते."

"पानी नाही हाय जी. मी दोन दिवस वाळवलं."

"मला शिकवू नकोस."

सँपल ज्या पावडरीत मिसळून दाबतात, ती पावडर आधी नुसती, कोरी चालवून बघायची असते. तिच्यातही फुगवटा आला तर पाणी. नाही आला तर पोरगा खरा.

दहा मिनिटांचं काम. बाहेर मशीनसाठी रांग होती. मी केलं नाही.

त्याने प्रबंधातून तो चॅप्टर काढून टाकला. नव्याने सुरुवात केली. ते काम अर्ध्यावर असताना हार्ट अटॅक. वय चौतीस.

या मे महिन्यात लॅबचं कपाट आवरताना त्याची बाटली सापडली. लेबलवर त्याचंच अक्षर: "वाळवलेलं आहे."

बाटली घेऊन मशीनपाशी गेले.

आधी कोरी पावडर चालवली. सपाट रेघ.

मग त्याचं सँपल.

तोच फुगवटा. त्याच जागी. बाहेर अंगाची लाही होत होती, हवेत ओलावा म्हणून नव्हता.

तेव्हापासून पावडर दाबायच्या प्रेसचं हँडल आवळलं की तो मागे उभा आहे असं वाटतं. मी वळून बघते. रोज बघते.

ग्राफ घेऊन अकोटला गेले. त्याच्या आईने कागद हातात धरला.

"म्हंजे माह्या पोराचं बराबर होतं?"

"हो."

"मंग तवा काहून नाही म्हनलं?"

 

सुनील, तुझा चॅप्टर मी पुन्हा लिहून काढतेय. नाव तुझंच असेल.

श्रद्धांजली वाहायचा हक्क मला आहे की नाही, माहीत नाही. तरी वाहते.

ते पाणी नव्हतं रे.