पाणी मागून आलं

साखरशेत गावाच्या पुढे नदी वळण घेते, तिथे माझ्या मावशीचं शेत आहे. मी जव्हारच्या हायस्कूलात भूगोल शिकवते. नदीकाठच्या अशा सपाट जमिनीला पुस्तकात पूरमैदान म्हणतात. मावशीच्या घरी तिला मळई म्हणत. पूर गाळ टाकून जातो, म्हणून तिथला भात जोमदार येतो.

काही वर्षांपूर्वी, लावणी उरकल्यावर, मी तिच्याकडे राहायला गेले होते. पाऊस थांबत नव्हता. दुपारी नदी काठोकाठ भरली, पण काठ ओलांडला नव्हता. मावशीचे यजमान, माझे काका, यांचा बैल शेतातल्या झोपडीला बांधलेला होता.

"सोडून आनतो," म्हणत ते घरापुढच्या उतारावरून खाली गेले.

चालताना ते सारखे नदीकडे बघत होते. पडवीतून आम्ही दोघीही तिकडेच बघत होतो. पाणी मात्र मागून आलं. उतार आणि शेत यांच्या मधे एक खोलगट पट्टा आहे. नदी फार पूर्वी तिथून वाहायची. वरच्या अंगाला पूर त्या जुन्या पात्रात शिरला आणि बघता बघता काका दोन प्रवाहांच्या मधे सापडले.

आम्ही पाण्यापर्यंत धावलो, ओरडलो. नदीच्या आवाजात आमचा आवाज आम्हालाच ऐकू येईना. काका झोपडीवर चढले होते. त्यांनी एक हात वर केला आणि तसाच धरला. मग झोपडी कलली आणि गेली.

बैल पोहत बाहेर आला. त्याच्या गळ्यातलं दावं कोयत्याने कापलेलं होतं. काका सापडले नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात पूररेषा आखायला सरकारी माणसं आली. त्यातल्या एका तरुण साहेबाने मावशीला विचारलं, "मावशी, पाणी कुठपर्यंत आलं होतं?"

मावशी उतारावर एका जागी जाऊन उभी राहिली. "हितं. माझे पाय भिजत होते."

तिथे त्यांनी खूण केली. पूररेषा दोन असतात. नदीजवळच्या निळ्या रेषेच्या आत घर बांधता येत नाही, शेती चालते. लाल रेषा त्याहून वर, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या मोठ्या पुराची, असं त्याने समजावलं.

"म्हंजे आता शंभर वर्सं तसा पूर नाय येनार?"

"तसं नाही, मावशी. पुढच्या वर्षीसुद्धा येऊ शकतो. दरवर्षी तेवढीच शक्यता असते."

मला हे ठाऊक होतं. वर्गात मी ते शिकवते. पण मावशीचा चेहरा बघताना ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं वाटलं.

त्याच उन्हाळ्यात तिने घर मोडून लाल रेषेच्या वर बांधलं. पाऊस लागून राहिला की ती अजूनही नदीकडे बघत नाही, जुन्या पात्राकडे नजर लावून बसते. मीही वर्गात फळ्यावर नदीचं वळण काढते, तेव्हा पाठीमागे काहीतरी भरत येतंय असं वाटून वळून बघते. मुलं शांत बसलेली असतात.

त्या हाताबद्दल आम्ही एकदाच बोललो. मी म्हणाले, काका बोलावत होते.

"नाय पोरी," मावशी म्हणाली, "पुढं येऊ नका, सांगत होता."

ते तिला खरंच वाटतं, की माझ्यासाठी म्हणाली, मला कळलं नाही. पावसाळी झोपेत तो हात मला दिसतो आणि दर वेळी वेगळं काही सांगतो.

पुरानंतर त्या शेतावर जाड गाळ बसला. भात पूर्वी कधी आला नव्हता इतका येतो. मी गेले की मावशी तोच रांधते, माझ्या ताटात वाढते आणि स्वतः नाचणीची भाकर घेऊन समोर बसते.

"खा," ती म्हणते.

मी खाते.