डिझेलच्या टाकीतले पाणी

पुढे लिहितो आहे ते मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. पत्नीला नाही, मुलीला नाही, सकाळी बरोबर फिरायला येणाऱ्या मित्रांना तर नाहीच. या गोष्टीला सात वर्षे झाली. सात वर्षांत ती हकीकत आमच्या घरी इतक्या वेळा सांगितली गेली की आता प्रत्येकाची निराळी झाली आहे, आणि प्रत्येकाची—हे मी जबाबदारीने म्हणतो—चुकीची आहे.

आधी त्या चुका दुरुस्त करतो. माझी पत्नी सांगते की मोटरहोम—म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेली भाड्याची गाडी—बंद पडले तेव्हा भर दुपारचे ऊन होते. नव्हते, सकाळचे दहाही वाजले नव्हते. मुलगी वैदेही सांगते की गाडी पुलावर अडकली. पुलाच्या अलीकडे, चढावर अडकली. मेहुणे सांगतात—ते तर सहलीला आलेच नव्हते!—की आदल्या संध्याकाळी गाडीची कनात वाऱ्याने उडून नदीत गेली. नदीत नाही, बाभळीवर गेली, आणि ती काठीने मीच सोडवली.

तुम्ही म्हणाल, या गृहस्थाला एवढ्या तपशिलाची काय पडली आहे? खरे आहे. पण तपशील बरोबर असला की सांगणारा खरा वाटतो. आणि मला खरे वाटण्याची फार गरज होती.

सहल का निघाली, तेथून सांगायला हवे. मी तेव्हा बहात्तर वर्षांचा होतो. एक शस्त्रक्रिया होऊन गेली होती, आणि तिच्यानंतर मला अर्ध्या-पाऊण तासाने लघवीला जावे लागे. हे फक्त पत्नीला ठाऊक होते. घरच्यांनी भंडारदऱ्याला जायचे ठरवले, तेव्हा मी ‘मला उत्साह नाही’ एवढेच म्हणालो. पुढे कोणी विचारले नाही. माझा स्वभाव असा की सहसा कोणी पुढे विचारत नाही.

प्रशांत म्हणजे माझा जावई. तोंडावर मी त्यांना ‘प्रशांतराव’ म्हणतो, ‘तुम्ही’ म्हणतो. मनात मात्र एकेरीच. एका रविवारी तो मला डोंबिवलीहून ठाण्याला घेऊन गेला. वाटेत त्याने गाडी तीन वेळा थांबवली—एकदा चाकात हवा भरायला, एकदा फोन घ्यायला, एकदा चहाला. तिन्ही वेळा थांबलो तेथे स्वच्छतागृह होते. चहा तर त्याने अर्धाच प्यायला. महिनाभराने त्याने मोटरहोम भाड्याने ठरवले आणि सगळ्यांना सांगितले, ‘अशा गाडीतून फिरायची मला लहानपणापासून हौस आहे.’ वैदेहीने त्याच्या हौसेची यथेच्छ थट्टा केली. त्याने ती होऊ दिली. गाडी दाराशी आली तेव्हा त्याने मला आत नेले, सर्वांत आधी शौचालयाचे छोटे दार उघडून दाखवले, काही न बोलता पुन्हा लावले, आणि मग पलंग कसा उलगडतो ते सांगू लागला.

माणूस अशा वेळी काय म्हणतो? मी म्हणालो, ‘पलंग अरुंद आहे.’

पहिला मुक्काम खडवलीला, नदीकाठच्या एका जागेवर होता. गाडीत आम्ही पाच जण—मी, पत्नी, वैदेही, प्रशांत आणि चार वर्षांची नात रेवा. सकाळी प्रशांत रेवाला घेऊन गावात दूध आणायला निघाला. जाताना म्हणाला, “बाबा, गाडीत पाणी मी आल्यावर भरतो. झाकणं दोन आहेत, शेजारी-शेजारी. घोळ होतो.”

मी चौतीस वर्षे वागळे इस्टेटमध्ये पंपांच्या कारखान्यात काढली. देखभाल विभागाचा प्रमुख म्हणून निवृत्त झालो. मला झाकणांचा घोळ होणार? तो गेला आणि दहा मिनिटांत जागेच्या मालकीणबाई ओरडल्या, “नळ आलाय हो! अर्धाच तास असतो!”

आमच्या भागात ज्याने संसार केला आहे त्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. पाणी आले म्हटले की हातातला घास खाली ठेवून माणूस उठतो. आधी भरायचे, मग विचार करायचा. मी किल्ल्यांचा जुडगा घेतला, नळी लावली आणि पहिले झाकण उघडले. चष्मा आत राहिला होता. डिझेलचा वास आला नाही असे मी म्हणणार नाही. आला. इंजिनाचा असेल, असे मी ठरवले. टाकी लवकर भरली, आधीच थोडी भरलेली असेल, असेही मी ठरवले. झाकण लावले, नळी गुंडाळताना पायजम्याचे काठ भिजले, तसाच नदीकाठी एक फेरी मारून आलो. पत्नी आत धुराचा पंखा लावून पोहे करत होती, तिला बाहेरची हाक ऐकू गेली नव्हती; वैदेही आंघोळीला गेली होती. मला कोणीही पाहिले नाही.

गाडी सुरू झाली, जेमतेम एक किलोमीटर चालली, आचके देऊ लागली आणि चढावर थांबली. कल्याणहून मेकॅनिक यायला दोन तास लागले. त्याने खाली शिरून पाहिले, डबाभर इंधन काढले आणि आमच्यासमोर धरले. “काका, ह्ये डिझेल नाय, पानी हाय. थोडाथोडका नाय, नळी लावून भरलाय. कोनी भरला?”

तेव्हा मला कळले. त्याआधी कळले नव्हते, हे मी शपथेवर सांगतो. पण त्याचा काय उपयोग? चूक कोणाच्याही हातून होते. मी इथे चुकीची कबुली द्यायला बसलेलो नाही.

सगळे एकमेकांकडे पाहत होते. आणि मी—हसत—म्हणालो, “जावईबापूंना विचारा. दिव्याची मंडळी! नळ दिसला की हात थांबत नाहीत.”

प्रशांतचे घर दिव्याचे, म्हणजे डोंबिवलीजवळच्या दिवा गावचे. तिथे पाण्याचे हाल सर्वांना ठाऊक आहेत. त्याचे बालपण हंडे आणि कॅन वाहण्यात गेले, हे त्यानेच मला एकदा विश्वासाने सांगितले होते. तेच मी वापरले. त्याचे कुटुंब बौद्ध आहे. आम्ही तीन पिढ्या डोंबिवलीत जातीचा मान मिरवत राहिलेले. लग्नाला मी विरोध केला नाही, हे मी अभिमानाने सांगत आलो आहे. मग ‘दिव्याची मंडळी’ म्हणताना माझ्या मनात फक्त दिवा होता का? नाही. पाण्यावरून मारलेला टोमणा त्या घरात किती जुन्या जखमेवर बसतो, हे मला कळत नव्हते का? कळत होते.

प्रशांतने माझ्याकडे पाहिले. मग माझ्या पायांकडे. भिजून वाळलेल्या माझ्या पायजम्याच्या दोन्ही काठांना अजून वाळू चिकटली होती. क्षणभरच. नंतर तो मेकॅनिकला म्हणाला, “हो. माझ्याच हातून झालं.”

“अरे, पण तू तर दुधाला गेला होतास ना?” वैदेहीने विचारले.

“जायच्या आधी भरलं. घाईत.”

नळ तो गेल्यानंतर आला होता. हे सांगू शकेल असा तिथे मी एकटाच होतो. गाडीच्या मालकाने फोनवर त्याची खरडपट्टी काढली. तो दूर जाऊन उभा राहिला होता, तरी मधूनमधून ‘सॉरी सर’ ऐकू येत होते. मी सावलीत खुर्ची टाकून बसलो होतो. भंडारदरा राहिला. परतीच्या साध्या गाडीतही त्याने दोनदा काहीतरी निमित्त काढून थांबायला लावले.

त्यानंतर ही हकीकत आमच्या घरची करमणूक झाली. ‘पाणीवाले’ हे नावही मीच ठेवले. एका वाढदिवसाला प्रशांतचे वडील समोर बसले होते. निवृत्त शिक्षक, मोजके बोलणारे. सगळे हसले, ते हसले नाहीत. म्हणाले, “प्रशांतनं वयाच्या सातव्या वर्षापासून पाणी भरलंय, साहेब. त्याचा हात असा चुकायचा नाही.”

मी म्हणालो, “चुकतो कधी कधी.”

प्रशांत बशा उचलून आत गेला.

गेल्या महिन्यात त्याने पुन्हा तशा गाडीची गोष्ट काढली. रेवा आता अकरा वर्षांची आहे. तिला आणि तिच्या दोन मैत्रिणींना घेऊन जावे, असे त्याच्या मनात होते. फोनवर गाड्यांची छायाचित्रे दाखवत होता. वैदेही म्हणाली, “नको रे बाबा. आपलं ठीक आहे, दुसऱ्यांच्या मुली तुझ्या भरवशावर कशा न्यायच्या? टाकी कुठली हे तरी कळतं का तुला?”

“बाबा पाणीवाले!” रेवा म्हणाली.

तो हसला, पण जरा उशिरा. मग म्हणाला, “बरं, राहू दे,” आणि फोन खिशात ठेवला. हे सगळे होत असताना त्याने माझ्याकडे एकदाही पाहिले नाही. सात वर्षांत ही गोष्ट निघाली की कधीच पाहिलेले नाही. त्या वेळी एक वाक्य पुरेसे होते. तीन शब्दांचे. मी रेवाला म्हणालो, “वडिलांना असं बोलू नये, बाळा.” पत्नीने कौतुकाने माझ्याकडे पाहिले. प्रशांत म्हणाला, “असू दे, बाबा.”

स्वतःच्या घरात, स्वतःच्या मुलीसमोर तो माणूस हसण्याचा विषय झाला आहे. आणि मी त्याच घरातला समजूतदार आजोबा.

हे मी समोर बसून सांगायला हवे होते. दोनदा त्याच्या दारापर्यंत गेलो आणि चहा पिऊन परत आलो. म्हणून हे छापायला पाठवतो आहे; घरचे सगळे ते वाचतील, तेव्हा तुम्हीही वाचत असाल. परक्यांच्या गर्दीत उभे राहून बोलणे मला त्याच्या एकट्यासमोर बोलण्याहून सोपे गेले, हेही लिहून ठेवतो.

प्रशांतराव, पाणी मी भरले. तुम्हांला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. वैदेहीला आणि रेवाला आज कळेल.