चारशे वर्षांचं काजळ

समस्त मराठी जनांस कळविण्यात येते की, आयर्लंडच्या ऐतिहासिक वारशात आमच्या सासूबाईंनी मोलाची भर घातली असून ती पुसण्यास आता सक्त मनाई आहे.

किलकेनीत हॉस्पिटलच्या नोकरीसाठी आले, तेव्हा आठ महिने वणवण केल्यावर हे घर भाड्याने मिळालं. चारशे वर्षांपूर्वी कुणा व्यापाऱ्याने बांधलेलं. खाली दगडी कमानी, वर ओकच्या तुळया, आणि कायद्याने संरक्षित. संरक्षण घराला, बरं का. थंडीने काकडणाऱ्या भाडेकरूंना नव्हे. भिंतीला खिळा नाही, खिडकी उघडायची नाही, धूर बाहेर काढायला पंखा नाही. करारात ठळक अक्षरांत लिहिलेलं: तळण करायचं नाही, केल्यास घर खाली करावं लागेल.

दिवाळीला सासूबाई कोल्हापूरहून आल्या. मी ड्यूटीवर गेल्याचं बघून त्यांनी दोन किलो भाजणीच्या चकल्या तळल्या. शेगडीवरच्या तुळईवर परातीएवढा काळा डाग उठला. मी आठवडाभर घासला. तो नुसता चमकायला लागला.

आणि नेमकं पत्र आलं: घरमालकाने नेमलेला वारसातज्ज्ञ पाहणीला येणार.

छत गळतंय म्हणून तीनदा कळवलं, तेव्हा हा वारसातज्ज्ञ फिरकला नव्हता. आता मात्र रेशमी मफलर, टॉर्च आणि भिंगासकट हजर झाला. माणसांकडे बघण्याची तसदी न घेता थेट तुळयांशीच बोलू लागला. डागाखाली थबकला. मी मनातल्या मनात बॅगा भरायला घेतल्या.

त्याने डागावर बोट फिरवलं, हुंगलं, डोळे मिटले.

"जनावराच्या चरबीच्या दिव्यांचं काजळ! मूळ मालकाच्या काळातलं. ग्रँड!"

पटापट फोटो काढले, फोनवर काहीतरी टाइप केलं आणि मला दम भरला, "पण हे कुणीतरी घासलंय. असला रानटीपणा पुन्हा नको."

मी मान खाली घालून रानटीपणा कबूल केला. घर वाचलं होतं.

सासूबाईंना इंग्रजी येत नाही. पण आपल्या कामगिरीकडे रोखलेलं बोट कळतं.

"काय म्हनतोय त्यो?" त्यांनी नातीला विचारलं. आठ वर्षांच्या लेकीने मोडक्या मराठीत इमानदारीने सांगितलं.

"चरबी?" जन्मभर शाकाहारी असलेली बाई उसळली. "आन् माझ्या सैपाकात? शेंगतेल हाय त्ये! दिवाळीच्या चकल्या तळल्यात म्या. सांग त्येला!"

मी डोळे वटारायच्या आत लेकीने अस्सल किलकेनी इंग्रजीत सगळं सांगून टाकलं. तेल शेंगदाण्याचं होतं, हेसुद्धा.

तज्ज्ञाचे कान लाल झाले. त्याने स्वतःच्या काळ्या बोटाकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे, मग पहिल्यांदाच माझ्याकडे. करार, तळण, घर खाली करा, हे सगळं त्याच्या ओठांवर आलेलं मला दिसत होतं. तोंडातून निघालं ते मात्र एवढंच:

"अहो, पण मी आत्ताच सगळ्या तज्ज्ञमंडळींना 'चारशे वर्षांचं काजळ' म्हणून फोटो पाठवलाय!"